रातकिडा आणि टॅरंटुला : झुंज लावू नका, तुलना करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काचेच्या पेटीत एक दांडगा रातकिडा आणि एक केसाळ टॅरंटुला कोळी समोरासमोर सोडायचे आणि 'यांच्यात कोण जिंकणार?' असे विचारायचे, अशा चित्रफितींचे पेव सध्या फुटले आहे. मुले त्या एकमेकांना पाठवतात, मोठी माणसे कौतुकाने पाहतात आणि अधूनमधून एखादे वृत्तपत्रही 'राक्षसी किड्याने कोळ्याला फाडून खाल्ले' अशा मथळ्याखाली त्यातले छायाचित्र छापून मोकळे होते. मी आयुष्यभर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतरही शेजारपाजारची मुले माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून आपल्या पत्रातून त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. रातकिडा आणि टॅरंटुला यांची तुलना करणे मुळीच वावगे नाही, उलट ती अत्यंत उद्बोधक आहे. मात्र ती पेटीत झुंज लावून होत नाही, हे मला ठामपणे सांगायचे आहे.

प्रथम या रातकिड्यांविषयी. घराच्या कोपऱ्यात किर्र आवाज काढणारा आपल्या ओळखीचा रातकिडा मिळेल ते खाणारा आहे. पाने, कुजका पाला, मेलेले किडे, प्रसंगी कपड्याची कडही त्याला चालते. परंतु त्याच्या दूरच्या नात्यातल्या काही जाती पक्क्या शिकारी आहेत आणि त्यांतली सर्वांत विलक्षण जात भारतातच सापडते. तिचे शास्त्रीय नाव शिझोडॅक्टिलस मॉन्स्ट्रोसस. १७७० साली ड्रूरी या इंग्रज संग्राहकाने तिचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. बिहारमध्ये या किड्याला भेरवा म्हणतात, मीही येथे तेच नाव वापरते. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील नद्यांच्या काठची भुसभुशीत वाळू हे त्याचे घर. कीटकशास्त्रज्ञ त्याला खऱ्या रातकिड्यांच्या कुळात न घालता स्वतंत्र कूळ देतात. या कुळात आज दोनच प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे दोनच गट, उरले आहेत. एक तुर्कस्तानापासून इराण, सिंध, भारत असे करत म्यानमारपर्यंत पसरलेली आहे आणि दुसरी थेट आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडे. मधल्या एवढ्या मोठ्या प्रदेशात या कुळातले कोणीच नसावे, ही गोष्टच हे कूळ किती प्राचीन आहे ते सांगून जाते.

माझी बहीण पाटण्याला राहत असताना गंगेच्या दियाऱ्यात, म्हणजे पूर ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यात, रात्री बॅटरी घेऊन जाण्याची संधी मला मिळाली होती. बिळाच्या तोंडाशी बसलेला भेरवा मी तेथे अगदी जवळून पाहिला. अंग चार-पाच सेंटिमीटर लांबीचे, रंग वाळूत मिसळून जाणारा फिकट पिवळसर, त्यावर काळसर ठिपके, आणि मिशा अंगाहूनही लांब, सतत चाचपडत राहणाऱ्या. पण नजर खिळते ती दोन गोष्टींवर. त्याच्या पंखांची टोके पाठीमागे चकलीसारखी वेटोळी होऊन बसलेली असतात. पूर्ण वाढ झालेल्या किड्याच्या पंखांची अशी गुंडाळी इतर कोणत्या किड्यात मी पाहिलेली नाही. दुसरी गोष्ट पावलांची. प्रत्येक पावलाच्या दोन्ही बाजूंना रुंद, चपटे पाळे फुटलेले असतात. त्यांमुळे अंगाचा भार पसरला जातो आणि सैल वाळूत पाय रुतत नाही. बॅटरीचा झोत स्थिरावताच तो मागच्या मागे सरकत बिळात शिरला आणि आतून वाळू बाहेर फेकू लागला. दिवसभर तो याच बिळात राहतो. वरची वाळू तापून भाजत असली तरी हात-दोन हात खाली ओल असते आणि ती त्याच्या जगण्याला अत्यावश्यक आहे.

अंधार पडला की भेरवा वर येतो आणि वाळूवर फिरणारे भुंगेरे, टोळ, इतर किडे पकडून खातो. त्याला विष नाही, नांगी नाही, जाळे नाही. आहेत ते आडवे मिटणारे, बळकट जबडे. हे जबडे तो आपल्या भाऊबंदांवरही चालवतो. त्याच्या सिंधमधील नातलगांवर झालेल्या अभ्यासांतही एकमेकांना खाण्याची ही सवय नोंदली गेली आहे, त्यामुळे एका बिळात एकच प्राणी हा नियम या मंडळींत कसोशीने पाळला जातो. मका आणि तंबाखूच्या शेतांत बिळे केल्याने रोपांची मुळे उघडी पडतात, म्हणून कृषी कीटकशास्त्राच्या जुन्या लिखाणात त्याला पिकाचा शत्रू ठरवले गेले होते. पण तो जेवढी रोपे सैल करत असेल, त्याच्या कितीतरी पट पिकावरचे किडे खात असेल, असे मला त्याच्या आहारावरून वाटते.

भारताबाहेरही असे दांडगे नातलग आहेत, पण त्यांच्याबाबत एक घोटाळा वारंवार होतो, तो आकाराचा. न्यूझीलंडच्या हाउटुरू बेटावरील महाकाय वेटा हा जगातल्या सर्वांत वजनदार कीटकांपैकी एक असून अंड्यांनी भरलेल्या एका पाळीव मादीचे वजन ७१ ग्रॅम भरल्याची नोंद आहे. तरीही तो बिचारा मुख्यतः पाने खातो. त्याच देशात १९७० साली मर्क्युरी द्वीपसमूहातील एका लहान बेटावर सापडलेला सुळेवाला वेटा आकाराने बराच लहान, पण मांसाहारी आहे. त्याच्या नराचे सुळे मात्र शिकारीसाठी नसून दुसऱ्या नराला रेटण्यासाठी असतात. जोहान्सबर्गच्या बागांत फिरणारा, लोक ज्याला 'पार्कटाउन प्रॉन' म्हणतात तो राजरातकिडा गोगलगायी खातो, कुत्र्याच्या ताटलीतले अन्नही खातो आणि डिवचले तर दुर्गंधी काळा द्रव उडवतो. थोडक्यात, मोठा किडा म्हणजे शिकारी किडा नव्हे आणि सुळे दिसले म्हणजे ते भक्ष्यासाठीच असतात असेही नव्हे. चित्रफितींचे निवेदक मात्र या सगळ्यांना एकाच नावाखाली 'किलर क्रिकेट' म्हणून खपवतात.

आता टॅरंटुलाकडे येऊ. या कुळात जगभर हजाराहून अधिक जाती आहेत आणि आपल्या सह्याद्रीत त्यांतल्या काही खास इथल्याच आहेत. पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९९ साली वर्णन केलेला किलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस हा त्यांपैकीच एक. डोंगरउताराच्या, पायवाटेच्या कडेच्या मातीच्या दरडीत तो बीळ करतो. पावसाळा सरता सरता अशी दरड नीट पाहिली, तर बिळाच्या तोंडाशी पांढऱ्या रेशमाची गळपट्टी पसरलेली दिसते. रात्री तिच्या आत, उंबऱ्यावर, मादीचे पुढचे पाय टेकलेले असतात. त्या रेशमावरून एखादा किडा चालला, की धाग्यातून गेलेला कंप तिच्या पायांवरच्या केसांना जाणवतो आणि पुढचे काम इतक्या चपळाईने होते, की आपल्याला फक्त किडा नाहीसा झालेला दिसतो. सह्याद्रीतलाच पोसिलोथेरिया रेगॅलिस हा मात्र जमिनीत न राहता झाडांच्या ढोलीत राहतो. धोका वाटला की तो पुढचे पाय उंचावतो आणि पायांच्या खालच्या बाजूचे पिवळे-काळे पट्टे उघडे करून दाखवतो. हा इशारा समजून मागे सरण्याइतके शहाणपण बहुतेक प्राण्यांकडे असते.

या दोघांत साम्य पुष्कळ आहे. भेरवा आणि बिळात राहणारा टॅरंटुला दोघेही निशाचर, दोघेही एकलकोंडे, दोघेही मातीच्या आतल्या ओलीवर अवलंबून. दोघांचीही नजर शिकारीच्या फारशी उपयोगाची नाही. टॅरंटुलाला आठ डोळे असूनही तो जगतो ते कंपांच्या भरवशावर. आणखी एक गोष्ट मला नेहमी थक्क करते. रातकिड्यांच्या बहुतेक जातींत पंखांवर पंख घासून गाणारे नर आणि पुढच्या पायांच्या नळीत असलेले कान ही कुळाची ओळखच असते, पण भेरव्याला पायात ते कान नाहीत आणि तो पंख घासून गातही नाही. उलट किलोब्रॅकिस हा कोळी चिडला की तोंडाजवळचे राठ केस एकमेकांवर घासून फिस्स असा स्पष्ट ऐकू येणारा आवाज काढतो. म्हणजे गाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या घराण्यातला पंखांचे गाणे सोडून बसला आणि मुका समजला जाणारा आवाज करू लागला.

साम्य इथे संपते. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ, हे शाळेत सर्वांनी घोकलेले असते. त्यापलीकडचा फरक शरीराच्या रचनेत आहे आणि शिकारीची पद्धत त्यातूनच ठरते. भेरव्याचे जबडे कात्रीच्या चालीने आडवे मिटतात. तो भक्ष्याचा तुकडा तोडतो, चावतो आणि गिळतो. टॅरंटुलाचे विषदंत वरून खाली उतरतात, म्हणून वार करताना त्याला अंगाचा पुढचा भाग उचलावा लागतो. विष भिनले की भक्ष्याची हालचाल थांबते, मग तो त्यावर पाचकरस सोडतो आणि विरघळलेला भाग शोषून घेतो. घट्ट घास गिळणे त्याला जमतच नाही; शेवटी उरते ती कवचाच्या चोथ्याची एक गोळी. थोडक्यात, भेरव्याला जिंकण्यासाठी शेवटपर्यंत झटापट करावी लागते, तर टॅरंटुलाला एक दंश नीट बसणे पुरते.

श्वासाचेही तसेच. कीटकाच्या अंगावर दोन्ही बाजूंना श्वासरंध्रे असतात आणि त्यांतून निघालेल्या बारीक नळ्या हवा थेट स्नायूंपर्यंत पोचवतात. रक्ताला प्राणवायू वाहून न्यावा लागत नाही, त्यामुळे किड्याचे स्नायू दीर्घकाळ काम करू शकतात. टॅरंटुलाच्या पोटाखाली फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. पुस्तकाच्या पानांसारखी त्यांची रचना असल्याने त्यांना पुस्त-फुप्फुसे म्हणतात. तेथून प्राणवायू तांबेयुक्त, निळसर रक्तातून शरीरभर जातो. ही व्यवस्था बिळाच्या तोंडाशी तासन् तास स्तब्ध बसण्यासाठी उत्तम, पण लांब झटापटीसाठी अपुरी. त्यात कोळ्याच्या पायांची गंमत अशी, की काही सांध्यांत पाय आखडून घेणारे स्नायू आहेत, पण सरळ करणारे नाहीत. पाय सरळ होतो तो रक्ताच्या दाबाने. मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळलेले असतात ते याच कारणाने. जखम होऊन रक्त वाहून गेले, तर टॅरंटुलाचे नुसते रक्तच जात नाही, चालण्याची शक्तीच जाते. दांडग्या जबड्यांच्या किड्यापुढे हा त्याचा खरा कमकुवतपणा आहे, आणि विषाचा पहिला दंश हीच त्याची खरी ढाल आहे.

आयुष्याचा हिशेब तर पूर्णच वेगळा आहे. भेरव्याचे सारे जीवन साधारण वर्षभराचे. वाळूतल्या अंड्यातून बाहेर पडायचे, वारंवार कात टाकत वाढायचे, शेवटच्या कातीनंतर पंख फुटले की जोडीदार शोधायचा, मादीने वाळूत अंडी घालायची आणि संपायचे. प्रौढ झाल्यावर तो पुन्हा कात टाकत नाही. तेव्हा गमावलेला पाय कायमचा गेला. टॅरंटुलाच्या मादीचे मात्र तसे नाही. अनेक जातींच्या माद्या दहा-पंधरा वर्षे आणि काही वीसहून अधिक वर्षे जगतात, प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहतात आणि तुटलेला पाय पुढच्या एक-दोन कातींत पुन्हा उगवून येतो. नर मात्र प्रौढ झाल्यावर फार काळ जगत नाहीत. पावसाळ्याच्या सुमारास मादीच्या शोधात भटकणारे जे कोळी गावाकडच्या घरांत शिरलेले दिसतात, ते बहुधा असे अखेरच्या फेरीला निघालेले नरच असतात. वर्षभराच्या आयुष्यात धोका पत्करणे भेरव्याला परवडते. वीस वर्षे जगायचे असलेल्या मादीला एका घासासाठी अंगावर जखम ओढवून घेणे परवडत नाही. म्हणूनच मोठा, दणकट किडा समोर आला तर टॅरंटुला पुष्कळदा दंश न करता मागे सरते. पेटीत तिला मागे सरायला जागाच ठेवलेली नसते.

यामुळेच मी त्या झुंजींना निरर्थक म्हणते. टॅरंटुला ज्यांनी काचेच्या पेटीत सांभाळले आहेत, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते : खाद्य म्हणून टाकलेला साधा पाळीव रातकिडा खाल्ला गेला नाही, तर तो त्याच दिवशी बाहेर काढावा. कात टाकणारा टॅरंटुला उताणा पडलेला असतो. त्याचे नवे कवच, नवे दातसुद्धा मऊ असतात, त्याला हलता येत नाही, आणि अशा वेळी शेंगदाण्याएवढा रातकिडाही त्याला कुरतडून मारू शकतो. जो प्राणी एरवी रोज खाल्ला जातो, तोच त्या काही तासांत मारेकरी ठरतो. मग 'कोण बलवान' या प्रश्नाचे उत्तर कोणत्या दिवसाचे धरायचे? चित्रफितीतला कोळी नुकताच कात टाकलेला होता का, उपाशी होता का, दोघांना थंड जागेतून काढून उजेडात आणले होते का, यातले काहीच आपल्याला सांगितले जात नाही. हाच प्रयोग प्रयोगशाळेच्या वहीत लिहून आणणाऱ्या विद्यार्थ्याला मी ती वही परत केली असती.

शिवाय हे दोघे सहसा भेटतही नाहीत. एक नदीकाठच्या सैल वाळूतला, दुसरा डोंगराच्या दरडीतला किंवा झाडाच्या ढोलीतला. निसर्गात टॅरंटुलाला खरे भय असते ते कोळ्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाश्यांचे. अशी मादी माशी टॅरंटुलाला बिळातून बाहेर काढते, पायांच्या बुडाशी नेमकी नांगी मारून त्याला लुळा करते, ओढत बिळात नेते आणि त्याच्या पोटावर एकच अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी जिवंत पण निश्चल कोळ्याला आतून खात वाढते. वाचायला हे क्रूर वाटेल, पण येथे कोणी बळजबरीने कोणाला पेटीत आणलेले नाही.

या चित्रफितींचा आणखी एक परिणाम मला अधिक काळजीत टाकतो, आणि तो म्हणजे भीती. २०१२ साली आसाममधील सादिया येथे टॅरंटुलासारख्या कोळ्यांनी लोकांना चावल्याच्या आणि दोघे दगावल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. ते मृत्यू कोळ्याच्या विषानेच झाले हे सिद्ध झाले नाही. बाधितांवर मांत्रिकांनी जखमा कापण्यासारखे उपाय केल्याचेही त्याच वेळी प्रसिद्ध झाले होते. आपल्याकडच्या टॅरंटुलांचा दंश खोटा नव्हे. वेदना, सूज येते आणि पोसिलोथेरियाच्या दंशानंतर स्नायूंना तीव्र पेटके येऊ शकतात, म्हणून दवाखान्यात जाणे योग्यच. परंतु टॅरंटुलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. दंशावर चिरा मारणे, आवळून बांधणे, चटके देणे हेच अधिक घातक आहे. भेरव्याला तर विषच नाही, तो हाताळला तर कडकडून चावेल इतकेच. घरात शिरलेल्या कोळ्यावर पसरट भांडे पालथे घालून, खालून जाड पुठ्ठा सरकवून त्याला बाहेर झाडीत सोडता येते. केरसुणीने चिरडण्याची गरज नसते.

भीतीच्या जोडीला हौस आहे आणि तीही तितकीच घातक ठरू शकते. पोसिलोथेरिया मेटॅलिका या निळ्या टॅरंटुलाची कहाणी येथे सांगितली पाहिजे. आंध्र प्रदेशातील गुत्ती येथील रेल्वेच्या लाकूड-आवारात सापडलेल्या नमुन्यावरून पोकॉकने १८९९ साली त्याचे वर्णन केले. त्यानंतर शंभरएक वर्षे तो कोणाच्या दृष्टीसच पडला नाही. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो पुन्हा सापडला, तेव्हा कळले की गुत्तीला तो लाकडांबरोबर आला असावा आणि त्याचे खरे घर नंद्याळ ते गिद्दलूर यांमधले लहानसे जंगल आहे. आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो आणि तरीही परदेशांतल्या हौशी पाळणाऱ्यांकडे त्याची पैदास होत असते, कारण त्याचा निळा रंग. २०१९ साली पोसिलोथेरियाच्या सर्व जाती वन्यजीव-व्यापारावरील 'साइटीज' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांच्या व्यापारावर परवान्याचे बंधन असते त्यांच्या यादीत, आल्या, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आल्यावर त्या परिशिष्टांतील प्राण्यांना आपल्या कायद्यातही स्थान मिळाले. आपल्या जंगलातला पोसिलोथेरिया बरणीत भरून विकणे ही हौस राहिलेली नाही. दुर्दैवाने, दरडीत बिळे करणाऱ्या किलोब्रॅकिससारख्या इतर टॅरंटुलांची आणि भेरव्याची नावे त्या परिशिष्टांत नाहीत.

आणि त्यांचे खरे संकट बरणीचे नाहीच, जमिनीचे आहे. कोकणात आणि गोव्यात चिरेखाणींसाठी जांभ्याचे सडे कापले जातात. रस्ता रुंद करताना मातीची जुनी दरड उभी तासून तिच्यावर सिमेंट फासले जाते. त्या दरडीत पंधरा-पंधरा वर्षे एकाच बिळात राहिलेल्या माद्या असतात, हे कंत्राटदाराला माहीत असण्याचे कारण नाही, पण आपल्याला आता माहीत आहे. टॅरंटुलाची पिल्ले वाऱ्यावर फार दूर जात नाहीत, आईच्या बिळाच्या आसपासच वसतात, त्यामुळे एक दरड गेली की तिथली वस्तीच जाते. भेरव्याच्या बाबतीत तर प्रश्न आणखी सरळ आहे. तो वाळूत राहतो, आणि देशातल्या नद्यांची वाळू उपसली जात आहे. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये लहान क्षेत्रातील वाळू-उपशालाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली, २०१६ साली केंद्राने वाळू-उपशाची मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि जिल्ह्यात कोठे किती वाळू उपसता येईल ते सांगणारा जिल्हा सर्वेक्षण अहवाल सक्तीचा केला. वाळूवर अंडी घालणारी कासवे, सुसरी, पाणचिऱ्यासारखे पक्षी यांच्यासाठी निदान कोणीतरी आवाज उठवते. त्याच वाळूच्या हातभर खाली राहणाऱ्या किड्यासाठी कोणी बोलत नाही, आणि रेती यंत्राने उचलली जाते तेव्हा बीळ, अंडी आणि खालची ओल हे सगळे एकाच बकेटमध्ये जाते.

तेव्हा, संपादक महाशय, आपल्याला माझी विनंती दोन प्रकारची आहे. एक, पेटीत लावलेल्या झुंजींची छायाचित्रे आपल्या पत्रात छापू नयेत, आणि एखादा मोठा कोळी किंवा अनोळखी किडा कोठे आढळल्याची बातमी आली तर ती छापण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना किंवा वनविभागाला विचारावे. 'विषारी', 'नरभक्षक', 'राक्षसी' ही विशेषणे बातमीदाराने स्वतःहून लावू नयेत. दुसरी अशी, की वाळू-घाटांसाठी जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा हरकतींसाठी जाहीर होतो, तेव्हा त्याची मुदत आणि तो कोठे पाहायला मिळेल हे आपण ठळकपणे प्रसिद्ध करावे. त्या अहवालात वाळूत राहणाऱ्या किड्यांची आणि मातीच्या दरडीत राहणाऱ्या कोळ्यांची पाहणी रात्रीच्या वेळी करावी, अशी लेखी हरकत मी माझ्या जिल्ह्यात दाखल करणार आहे. दिवसा केलेल्या पाहणीत हे प्राणी दिसणारच नाहीत. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी जे आज इतर जिल्ह्यांत शिकवतात, त्यांनीही आपापल्या जिल्हाधिकारी कार्यालयात तशी हरकत द्यावी. पाहणीसाठी रात्री सोबत यायला आणि ओळख पटवून द्यायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
रत्नागिरी जिल्हा